खाणकचऱ्याचे मातीचे बंधारे : धोका कोठे, दक्षता कोणती?

गडहिंग्लज - राधानगरी आणि चंदगड तालुक्यांतील सड्यांवरचे बॉक्साईट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याला पुरविले गेले आहे. या खनिजातून ॲल्युमिना काढल्यावर कॉस्टिक सोडायुक्त लाल चिखल उरतो. एक टन ॲल्युमिनामागे साधारणतः एक ते दीड टन चिखल निघतो. जगभर असा कचरा बहुधा भरावाच्या बंधाऱ्यांआड साठविला जातो.

पाण्याच्या धरणापेक्षा वेगळा
पाण्याचे धरण एकदाच पूर्ण उंचीचे बांधले जाते. खाणकचऱ्याचा बंधारा मात्र कचरा वाढेल तसा टप्प्याटप्प्याने उंचावतो. नवा भराव आतील मऊ गाळावरच रचण्याची पद्धत स्वस्त, परंतु सर्वांत धोक्याची. गाळात पाणी मुरलेले असल्यास हादऱ्याने किंवा वाढत्या भाराने त्याची घट्टपणा धरण्याची शक्ती नाहीशी होते आणि तो द्रवासारखा वाहू लागतो.

दुर्घटनांचा धडा
हंगेरीतील अयका येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी लाल चिखलाचा बांध फुटून १० जणांचा बळी गेला. ब्राझीलमधील ब्रुमाडिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी २७० जण मृत्युमुखी पडले. त्या बंधाऱ्यात कचरा टाकणे आधीच बंद झाले होते आणि तो स्थिर असल्याचा दाखलाही देण्यात आला होता. झारखंडमधील मुरी येथे ९ एप्रिल २०१९ रोजी लाल चिखलाचा साठा ढासळला. कर्नाटकातील कुद्रेमुख येथील लोहखाण २००५ अखेर बंद झाली; तिच्या कचऱ्याचे लख्या धरण मात्र उभेच आहे. खाण थांबली तरी बंधाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

मातीच्या भरावाचा धोका या भागाला अपरिचित नाही. भुदरगड तालुक्यातील मेघोली येथील लघुप्रकल्पाचा बांध १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री फुटून एका महिलेचा मृत्यू झाला. तेथे पाणी होते; चिखल असता तर शेतजमीनही दीर्घकाळ नापीक झाली असती.

धोक्याची लक्षणे
पायथ्याशी गढूळ पाझर, माथ्यावरील भेगा, उतारावरील फुगवटा किंवा खचलेला भाग, घुशींची बिळे आणि तुंबलेला सांडवा ही लक्षणे दिसताच प्रशासनाला कळवावे. स्वच्छ पाझर नेहमीच घातक नसतो. पाझर गढूळ होणे म्हणजे आतील माती वाहून जात असल्याची खूण होय.

कायदा काय सांगतो?
धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा मुख्यतः पाणी अडविणाऱ्या मोठ्या धरणांसाठी आहे. खाणकचऱ्याच्या बंधाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक मानक जाहीर झाले. स्वतंत्र तपासणी, बंधाऱ्याखालील वस्त्यांना माहिती आणि आपत्कालीन आराखडा यांवर त्यात भर आहे. पावसाळ्यापूर्वी हा आराखडा ग्रामपंचायतीच्या हाती असणे, ही किमान अपेक्षा ठरते.