गायरान खरंच ओसाड असतं का? ड्रोनच्या फोटोंतून असे कळतात माळाचे ऋतू

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातला एखादा माळ एप्रिलमध्ये वरून पाहिला, तर मुरूम, दगड आणि करपलेलं गवत एवढंच दिसतं. ऑगस्टमध्ये तोच माळ हिरवागार असतो. म्हणून एका फोटोवरून गायरानाला ‘पडीक’ म्हणणं घाईचं ठरतं. जमिनीवर तो शिक्का बसला की ती दुसऱ्या कामाला देण्याची भाषा सुरू होते, आणि शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्यांच्या पोटावर पाय येतो.

मारवेल, कुसळी यांसारखी गवतं बहुवार्षिक आहेत. जूनच्या पावसाने फुटतात, पावसाळा सरता सरता तुऱ्यावर येतात, दिवाळीनंतर पिवळी पडतात. उन्हाळ्यात वरचं पातं वाळतं, पण बुंधा आणि मुळं जिवंत असतात.

हा बदल उपग्रहातूनही दिसतो. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा असतो. मात्र नेमक्या पावसाळ्यात ढग आडवे येतात. ड्रोन ढगांखालून उडतो आणि काही सेंटिमीटरपर्यंतचा तपशील टिपतो. गवताचं थोंब कुठे आणि उघडा मुरूम कुठे, हे त्यात वेगळं दिसतं.

तुलना खरी हवी असेल तर दर वेळी तीच जागा, तीच उंची आणि दिवसाची तीच वेळ ठेवावी लागते. नाहीतर सावल्या बदलतात आणि रंग फसवतात. फोटो एकमेकांवर बरेच चढतील असे घेतले, की सॉफ्टवेअर ते जोडून माळाचा एक नकाशा तयार करतं. खास कॅमेरा असेल तर ‘एनडीव्हीआय’ही काढता येतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन्हींतल्या फरकावरून हिरवाईचा आकडा मिळतो.

पण हिरवं म्हणजे चारा नव्हे. गाजरगवत आणि घाणेरीही हिरवीच दिसते, आणि जनावरं त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे नकाशा हातात घेऊन मेंढपाळासोबत माळ पायी फिरणं टळत नाही.

ड्रोन नियम, २०२१ नुसार उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा पाहावा. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण ड्रोनची नोंदणी लागते. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती आरडाओरडा करू लागली तर ड्रोन दुसरीकडे न्यावा.