पटावर बुद्धिबळ, हातात रमी

ऑटो-बॅटलर हा व्हिडिओ गेमचा प्रकार जगभर पोचला तो जानेवारी २०१९मध्ये आलेल्या ‘डोटा ऑटो चेस’मुळे. ड्रोडो नावाच्या एका छोट्या चिनी चमूने तो ‘डोटा २’ या खेळाच्या आतच बांधला होता. आठ बाय आठ घरांचा पट, त्यावर मांडलेली मोहरी आणि नावात बुद्धिबळ. त्यामुळे कुळाची चौकशी तिथेच थांबते. पण या पटावर घोड्याची अडीच घरे नाहीत की उंटाची तिरकी चाल नाही. डाव सुरू झाला की मोहरी आपापली लढतात, खेळाडू नुसता पाहतो. फौज मांडून द्यायची आणि लढाई यंत्रावर सोडायची, ही रीत २००२च्या ‘वॉरक्राफ्ट ३’वर हौशी लोकांनी रचलेल्या ‘लीजन टीडी’सारख्या नकाशांतून आली. पट बुद्धिबळाचा आणि लढाई वॉरक्राफ्टची असली, तरी खेळाडूचे डोके जिथे चालते तो भाग, म्हणजे फौजेची जुळणी, माझ्या मते माहजोंग आणि रमीच्या घराण्यातला आहे.

पुरावा खेळाच्या नियमांतच आहे. दर फेरीला दुकानात पाच मोहरी दिसतात, दोन नाणी मोजली की नवी पाच. एकसारखी तीन जमली की त्यांचे एक दोन-तारांकित मोहरे होते, आणि तशी तीन जमली की तीन तारे; म्हणजे मुळात नऊ नग. हे नग आठही खेळाडूंच्या सामाईक साठ्यातून येतात, त्यामुळे शेजारी जे धरून बसला आहे ते आपल्याला मिळणे अवघड. माहजोंगमध्ये सामाईक भिंतीतून सोंगटी उचलतात, रमीत गड्डीतून पान. जोडी धरून तिसऱ्याची वाट पाहायची की मोडून टाकायची, हा पेच तिन्हीकडे एकच. सिनर्जी, म्हणजे एकाच वर्गाची मोहरी ठरावीक संख्येने असली की मिळणारा लाभ, ही या जुळणीवर रचलेली दुसरी जुळणी. मूळ खेळात तीन, सहा आणि नऊ वॉरियरांना वाढते चिलखत मिळे. डीमनचे उलट होते: तो एकटा असेल तरच फायदा. दोन ड्रुइड पटावर असले, की ड्रुइडांना दुसरा तारा चढायला तीनऐवजी दोनच नग पुरत. हे नियम युद्धशास्त्रातून सुचण्यासारखे नाहीत. पत्ते पिसणाऱ्या हातालाच सुचावेत असे ते आहेत. ड्रुइड तर सरळ जोकरच म्हणा.

आयटमांची, म्हणजे मोहऱ्यांना द्यायच्या वस्तूंची, कुळी वेगळी, आणि मला तीच जास्त रंजक वाटते. वॉरक्राफ्टच्या वीराकडे सामानाचे सहाच खण असत. डोटात सुटे भाग जोडून एक मोठी वस्तू केली, की ताकद वाढे आणि खणही मोकळे होत. पण तिथे हवा तो भाग पैसे देऊन घेता येई. ऑटो चेसमध्ये भाग विकत मिळेनासे झाले. जंगली प्राण्यांना मारल्यावर जो पडेल तो घ्यायचा. उधारीवर आणलेली ही रीतसुद्धा अशी ओढलेल्या पानासारखी झाली. रायट कंपनीच्या ‘टीमफाइट टॅक्टिक्स’ने तिला आणखी घट्ट केले: दोन भाग जोडले की वस्तू पक्की. मोठी छडी आणि धनुष्य जोडून गिन्सूची रेजब्लेड होते, पण तीच छडी दुसऱ्या कशाला जोडली तर वेगळेच शस्त्र होते आणि रेजब्लेडची वाट बंद होते. प्रयोग करणे म्हणजे नवे अस्त्र शोधणे असे नवख्याला वाटते. जाणता खेळाडू आधी हे ठरवतो, की कोणता भाग किती फेऱ्या न जोडता ठेवणे परवडेल.

मांडणीला महत्त्व आहेच ना, असे कोणी म्हणेल. आहे. असॅसिन वर्गाची मोहरी उडी मारून मागच्या रांगेत शिरतात, म्हणून नाजूक जादूगार कोपऱ्यात लपवावा लागतो. पण मांडणी हातात असलेल्या फौजेचीच होते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: दुकान नशिबाचे, तर कौशल्य कुठले? उत्तर पत्त्यांतच आहे: दिवाळीत कुठे तीन पत्तीचे डाव बसतात, कुठे रमीचे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७च्या के. सत्यनारायण खटल्यात नेमका हाच भेद केला: फ्लश किंवा ब्रॅग म्हणून ओळखला जाणारा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा, पण रमी मुख्यतः कौशल्याची, कारण तिथे पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि धरण्या-टाकण्यात बुद्धी लागते. ऑटो-बॅटलरमध्ये याला सावकारीही जोडली आहे. दर दहा शिल्लक नाण्यांमागे एक नाणे व्याज, जास्तीत जास्त पाच. म्हणून पन्नास नाणी राखून वरचीच उधळणारा आणि सगळी उधळून आजची फेरी वाचवणारा, असे दोघे एकाच नशिबातून वेगवेगळ्या ठिकाणी पोचतात.

जून २०१९मध्ये टीमफाइट टॅक्टिक्स आणि व्हॉल्व्ह कंपनीचे ‘अंडरलॉर्ड्स’ आले. टीमफाइटने चौकोनी घरे टाकून षटकोनी केली. नोव्हेंबरात आलेल्या ‘हार्थस्टोन बॅटलग्राउंड्स’ने तर घरेच काढून टाकली, व्याज नाही, सुट्या भागांचे आयटमही नाहीत, मोहरी एका रांगेत उभी. तीन सारख्यांचे एक करण्याचा नियम मात्र तिथेही आहे, आणि तो जमला की बक्षीस म्हणून वरच्या पायरीवरचे एक मोहरे निवडायला मिळते.