डब्यातला पाक आणि आईची ज्वारी

माझा पुतण्या अमेरिकेत घरी बिअर करतो. तिकडे ते चालतं. परवा फोनवर म्हणाला, "काका, आत्तापर्यंत माल्टच्या पाकाचा डबा आणून करायचो. आता थेट धान्यापासून करायचीय. तीन किलो पाकाऐवजी माल्ट किती घेऊ? आजी ज्वारीचं सत्त्व करायची ना, म्हणून तुम्हाला विचारतोय."

त्याचा बाप, माझा धाकटा भाऊ, हातभट्टीच्या दारूनं गेला. आणि हा विचारतोय कुणाला, तर हिंगोलीतल्या सुपारीही न खाणाऱ्या मास्तराला! मी फोन ठेवून दिला.

रात्री झोप येईना, म्हणून वाचत बसलो. (मास्तरकी सुटत नाही.) अमेरिकेत १९२० साली दारूबंदी झाली, तेव्हा पॅब्स्टसारख्या बिअरवाल्यांनी माल्टच्या पाकाचे डबे काढले. ते किराणा दुकानात उघड मिळत, पाव भाजायला म्हणून! पाव किती भाजले गेले ते सगळ्यांना ठाऊक होतं. १९३३ साली बंदी उठली, पण घरच्या बिअरला देशाच्या कायद्यानं मोकळीक मिळायला १९७८ उजाडलं. कार्टरसाहेबांची सही. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आजही आहे, पण हातभट्टी काही बंद झाली नाही. असो.

तर हिशेब असा. तीन किलो पातळ पाकाला जवाचा माल्ट चार किलोच्या आसपास लागतो. कोरडी पावडर असेल तर पाच किलो. जव भरडायचा, ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा. मोड येताना धान्यात जे पाचक तयार होतं, ते पिठाची साखर करतं. मग गाळून पुढची कृती नेहमीचीच.

वाचता वाचता आई आठवली. ती ज्वारी रात्रभर भिजवून फडक्यात बांधायची, मोड आले की वाळवायची आणि चोळून मोड काढून टाकायची. कोवळी ज्वारी जनावराला का चारत नाहीत हे आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं; मोडातही तेच विष. मग दळून ठेवायची. घट्ट कोमट आंबिलीत चमचाभर पीठ टाकलं की ती बघता बघता पातळ व्हायची, गोडसर लागायची. पुतण्याच्या पातेल्यात होतं तेही हेच.

सकाळी मीच फोन केला. आकडे सांगितले. ज्वारी मात्र आंबिलीसाठीच ठेव म्हटलं. तिला जवापेक्षा जास्त उष्णता लागते, त्याच कृतीत ती बसायची नाही. मग न राहवून विचारलं, "आईला माहीत आहे का रे?"

"आईनंच सांगितलं, काकांना विचार म्हणून."