चहा, कॉफी की चॉकलेट?

उपाहारगृहातील मेजाशी बसलेल्या मनुष्यास ‘चहा की कॉफी?’ असे विचारले, की तो क्षणभरही न थांबता उत्तर देतो. आपण आपली आवड सांगितली, यापलीकडे त्यात काही आहे असे त्यास वाटत नाही. परंतु सतराव्या शतकात लंडन शहरापुढे हा प्रश्न प्रथम उभा राहिला, तेव्हा त्याचे उत्तर ठरण्यास सव्वाशे वर्षे लागली. आणि ते ठरविण्यात जिभेपेक्षा जकातीचा, जहाजांचा व दूरदेशीच्या शेतांचा वाटा मोठा होता.

तत्पूर्वी लंडनचा रहिवासी सकाळच्या न्याहारीसही बियरच घेत असे. 1652 मध्ये पास्का रोझे नावाच्या इसमाने कॉर्नहिल भागातील एका गल्लीत कॉफीचे दुकान मांडले. तुर्कस्तानातील स्मर्ना बंदरी व्यापार करणाऱ्या डॅनियल एडवर्ड्‌स या इंग्रज व्यापाऱ्याचा तो सेवक होता. 1657 मध्ये चॉकलेट या पेयाची आणि 1658 मध्ये चहाची जाहिरात लंडनच्या वृत्तपत्रांत झळकली. अशा रीतीने अरबस्तान, अमेरिका आणि चीन या तीन दिशांची तीन पेये अवघ्या सहा वर्षांत एकाच शहरात येऊन ठेपली.

मात्र तिन्हींची योग्यता बाजारात सारखी नव्हती. कॉफीचा पेला एका पेनीस मिळे, आणि तेवढ्या मोलात वृत्तपत्र वाचावे, वाद ऐकावा, व्यापाराची बातमी काढावी अशी सोय असे. म्हणूनच या गृहांना ‘पेनीचे विद्यापीठ’ असे नाव पडले. चहाचे तसे नव्हते. 1660 च्या सुमारास टॉमस गॅरवे हा दुकानदार चहाची पाने पौंडास 16 ते 50 शिलिंग या भावाने विकत होता. चॉकलेट हेही श्रीमंतांचेच पेय होते. त्यातच 1660 मध्ये सरकारने तयार पेयांवर कर बसविला: कॉफीस गॅलनमागे 4 पेन्स, तर चहा व चॉकलेट यांस 8 पेन्स. कर तयार पेयावर असल्यामुळे सरकारी अधिकारी येऊन माप घेईपर्यंत ते विकता येत नसे. परिणामी दुकानदार एकदम मोठा साठा करून पिपात भरून ठेवीत आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा तापवून देत. चहाची खरी चव त्या काळच्या किती गिऱ्हाइकांना कळली असेल, ही शंकाच आहे.

सॅम्युअल पीप्स या आरमारी अधिकाऱ्याच्या दैनंदिनीत या नवलाईची साक्ष आहे. आयुष्यातील पहिला चहा त्याने 25 सप्टेंबर 1660 रोजी मागवून घेतला. पुढील वर्षी राजा दुसरा चार्ल्‌स याच्या राज्याभिषेकाच्या दुसऱ्या दिवशी, रात्रीच्या मद्यपानाने डोके जड झाले असता, पोट ताळ्यावर येण्यासाठी त्याला एका स्नेह्याने चॉकलेट पाजले. कॉफीगृहांत तर त्याचे जाणे-येणे नित्याचेच होते. पण ते बहुधा पेयापेक्षा बातमीसाठी.

ही बातमीच राजाला खुपली. 29 डिसेंबर 1675 रोजी त्याने सर्व कॉफीगृहे बंद करण्याची आज्ञा काढली. 10 जानेवारीपासून ती अमलात यावयाची होती. पण लोकांत इतका गवगवा झाला, की त्याआधी दोन दिवस राजाला ती मागे घ्यावी लागली. कॉफीची ही अवस्था वैभवाची होती. एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहात जहाजांच्या विम्याचा धंदा वाढीस लागला, तर जोनाथनच्या कॉफीगृहात रोख्यांचा बाजार भरू लागला.

मग इंग्लंड चहाचा देश कसा झाला? कॉफीगृह हे पुरुषांचे स्थान होते. स्त्रिया तेथे गल्ल्यावर बसत, क्वचित मालकीणही असत. परंतु गिऱ्हाईक म्हणून कुलीन स्त्रीने तेथे जाणे शिष्टसंमत नव्हते. टॉमस ट्वायनिंग याने 1717 मध्ये आपल्या कॉफीगृहालगतच चहा-कॉफीचे दुकान काढले. तेथून स्त्रिया चहाची कोरडी पाने विकत घेऊन घरी नेऊ लागल्या. कॉफीसाठी बी भाजणे, दळणे व उकळणे आले. चहाला आधणाचे पाणी पुरे. जे पेय घरात शिरले तेच टिकले.

दुसरे कारण पुरवठ्याचे. कॉफी प्रथम येमेनमधील मोखा बंदरातून येई. पुढे डचांनी जावा बेटात आणि फ्रेंचांनी वेस्ट इंडीजमध्ये कॉफीचे मळे उभारले. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा पाय मात्र चीनमधील कँटन बंदरी रोवला गेला होता, आणि तेथे भरपूर मिळणारा माल चहा हाच होता. या कंपनीच्या जहाजातून 1689 मध्ये निघून मुंबईस व पुढे सुरतेस आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या पाद्र्याने सुरतेत चहा सर्रास पिला जात असल्याचे लिहून ठेवले आहे. डोकेदुखीवर तेथे चहात उष्ण मसाला घालून उकळत. एरव्ही खडीसाखर किंवा मुरलेले लिंबू चालत असे. मायदेशी परतल्यावर 1699 मध्ये त्याने चहाच्या गुणांवर एक स्वतंत्र निबंधच प्रसिद्ध केला.

तरीही जड जकातीमुळे चहा महागच होता आणि चोरटा व्यापार बोकाळला होता. 1784 मध्ये पार्लमेंटने ही जकात शेकडा 119 वरून साडेबारांवर आणली. सव्वाशे वर्षांचा प्रश्न एका कायद्याने निकालात निघाला. चहा गरिबाच्या चुलीवर चढला.

पण त्याची किंमत दुसऱ्या कोणी तरी भरली. पेल्यात पडणारी साखर बार्बेडोस आणि जमेका येथील गुलामांच्या घामातून येत होती. चिनी व्यापाऱ्यांना इंग्रजी माल फारसा नको होता, त्यांना चांदी हवी होती. ती वाचविण्यासाठी गुजरातेकडील कापूस मुंबईहून कँटनला जाऊ लागला, आणि कापसाहूनही अधिक नफ्याची अशी अफू जाऊ लागली. बंगालच्या अफूची मक्तेदारी कंपनीकडे होती. माळव्याची अफू शिंदे-होळकरांच्या मुलुखात पिके. ती प्रथम बरीचशी पोर्तुगीजांच्या दमणमार्गे आणि पुढे कंपनीचे परवाना-शुल्क भरून मुंबईमार्गे चीनला जाई. अफूस चीनमध्ये बंदी होती. तरी चोरवाटेने ती घरोघर पोचली, आणि तिच्या विक्रीतून हाती आलेल्या चांदीवर कँटनमधील चहाची खरेदी होत राहिली. याच व्यापारापायी 1839 ते 1842 या काळात इंग्रज व चीन यांचे युद्ध झाले.

लंडनमधील गृहिणीने सायंकाळी किटलीत चहाची पाने टाकली, तेव्हा तिच्या मनात उज्जैन-इंदूरच्या परिसरातील अफूची शेते आली नसतील. माळव्यात अफूच्या बोंडांना चिरा देणाऱ्या शेतकऱ्यालाही तो चीक कोणाच्या पेल्याचे मोल भरतो, हे ठाऊक नव्हते. दोघांनीही एकमेकांना पाहिले नाही. तरी एकाच व्यवहाराच्या वहीत दोघांचीही नावे मांडली गेली होती. मनुष्य पेय निवडतो हे खरे. पण त्याच्यापुढे कोणती पेये यावीत आणि कोणत्या भावाने यावीत, याची निवड बहुधा त्याच्याआधी दुसऱ्याच कोणी केलेली असते.