राजूर परिसरातील आश्रमशाळा आणि विज्ञान-गणिताचे शिक्षण

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे बाजारपेठेचे गाव. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय येथे असून परिसरातील आश्रमशाळांचा कारभार त्याच्या अखत्यारीत चालतो. महादेव कोळी व ठाकर समाजातील अनेक मुले या निवासी शाळांत शिकतात. निवास आणि भोजन यांची सोय झाली, तरी विज्ञान व गणित हे विषय कठीणच राहतात. त्याचे एक महत्त्वाचे कारण भाषेत आहे.

मुलांची घरची बोली आणि पाठ्यपुस्तकातील संस्कृतप्रचुर मराठी यांत मोठे अंतर असते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील व्ही. जी. कुलकर्णी व व्ही. जी. गंभीर यांनी १९८० च्या सुमारास या अडथळ्याचा अभ्यास केला. विज्ञानाचा आशय तोच ठेवून भाषा सुलभ केल्यास मुलांचे आकलन सुधारते, असे त्यातून दिसले. म्हणजे उणीव बुद्धीची नव्हे, मांडणीची होती. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या याच केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांसाठी प्रकल्प राबविला होता. महागड्या उपकरणांपेक्षा शिक्षकांना सातत्याने मिळणारे मार्गदर्शन हे त्याचे सूत्र होते.

गणितात हा प्रश्न अंकवाचनापासूनच सुरू होतो. 'सत्तावीस' उच्चारताना सात आधी येतो, लिहिताना दोन आधी. 'त्र्याण्णव', 'अठ्ठ्याण्णव' यांतील जोडाक्षरे लहान मुलांना अवघड जातात. म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात रूढ शब्दांबरोबरच 'वीस सात' असे वाचन सुचविण्यात आले. त्यावर राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलाचे समर्थन केले.

साधनांच्या बाबतीत राजूर परिसर मात्र संपन्न आहे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर जवळच असून त्याच्या माथ्यावर पाणी शंभराऐवजी सुमारे ९५ अंश सेल्सिअसला उकळते. वायुदाबाचा धडा एका थर्मामीटरने शिकविता येतो. प्रवरेवरील १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण घनफळ, दाब आणि वीजनिर्मिती यांची उदाहरणे पुरविते. शाळेच्या आवारातील साध्या पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदींतून सरासरी व आलेख समजतात. कोंभाळणे येथील पद्मश्री राहीबाई पोपेरे यांच्या देशी बियाण्यांच्या संग्रहातून जैवविविधता आणि आनुवंशिकता डोळ्यांसमोर उभी राहते.

डोंगर, धरण व शेत मुलांच्या परिचयाचेच आहेत. त्यांना पुस्तकाशी जोडण्याचे काम मुलांची बोली जाणणारा शिक्षक करू शकतो. त्यामुळे शाळेला प्रयोगशाळा देताना अशा शिक्षकाच्या प्रशिक्षणाचाही विचार व्हावा लागतो. अन्यथा साहित्य कपाटात राहते आणि सूत्रे पाठ होतात.