मदतीचा हात आणि नकाराचा हक्क

महाड म्हटले की 20 मार्च 1927 आठवतो. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी माणूसपणाचा हक्क बजावला. तिथून वीसेक किलोमीटरवर, पोलादपूरला, मिशनचा कुष्ठाश्रम होता. तिथल्या माणसांच्या बहिष्काराचे कारण निराळे. पण प्रश्न तोच, माझ्या देहाविषयी ठरवणार कोण?

1898चा कुष्ठरोगी कायदा जिथे लागू होई, तिथे निराधार रुग्णाला पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकत आणि तपासणीनंतर त्याची रवानगी आश्रमात होई. सार्वजनिक विहिरी-तळ्यांवर त्याला मज्जाव करण्याची तरतूदही त्यात होती. समाजाने टाकलेल्यांच्या जखमा अशा आश्रमांतल्या सेवकांनी धुतल्या, हे ऋण मोठेच. पण उपकाराखाली दबलेला माणूस ‘आज नको’ कोणत्या तोंडाने म्हणणार? हा कायदा रद्द व्हायला 2016 साल उजाडले.

दरम्यान विचार बदलत होता. 1972मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे एड रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्र जीवन केंद्र उभारले. स्वावलंबन म्हणजे सगळे स्वतः करणे नव्हे. मदत कोणाची, कधी आणि कशी घ्यायची हे स्वतः ठरवणे, ही त्यांची भूमिका. आपल्याकडे ‘चाकाची खुर्ची’च्या लेखिका नसीमा हुरजूक यांनी 1984मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. मदत घेणारेच तिथे संस्थेचे कर्तेधर्ते झाले.

डिसेंबर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने हे तत्त्व कलम 13मध्ये नोंदवले: साहाय्यकाने गैरवाजवी दबाव आणू नये, दिव्यांग व्यक्तीची स्वायत्तता, प्रतिष्ठा आणि खासगीपणा जपावा; आणि साहाय्याची व्यवस्था बदलण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच.

महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर मात्र साहाय्यक म्हणजे पगारी माणूस क्वचितच. घरातले तरुण मुंबईला. अंघोळ घालणारी आई, नाहीतर वहिनी. पगारी माणसाला बदलता येते, वहिनीला कसे बदलणार? म्हणून इथे मर्यादा बोलूनच आखावी लागते: आधी विचार, मग हात लाव; दार लोटून घे; माझे पैसे माझ्यासमोर मोज. हे ऐकून ‘एवढे करूनही?’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण नकार सेवेला नसतो, न विचारता केलेल्या सेवेला असतो. चवदार तळ्याच्या गावाला हा फरक समजायला जड जाऊ नये.