कॅथलिक शाळेचा अभ्यासक्रम आणि मराठीची तासिका

विठ्ठलवाडी स्थानकाच्या पुलावर सकाळी सातच्या सुमारास उभे राहिले, म्हणजे पाठीवर दप्तरे घेतलेल्या मुलांची रीघ दिसते. त्यांतील कित्येक मुले आपल्याच धर्मग्रामांतील कुटुंबांतली असतात. कोणाचे आजोळ वसईला, कोणाचे संगमनेरकडे, कोणाची आजी त्रिचूरची तर कोणाची मडगावची. दप्तरांतील पुस्तके मात्र बहुतेकांची सारखीच. इंग्रजी ही प्रथम भाषा. मग गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल, हिंदी आणि मराठी. मराठीचे पुस्तक म्हणजे ‘अक्षरभारती’, ज्यांची प्रथम भाषा मराठी नाही त्यांच्यासाठी तयार केलेले. ज्यांच्या घरी सायंकाळची जपमाळ मराठीत होते, त्या मुलांच्या हातीही हेच पुस्तक पडते. ही मांडणी कोठून आली, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा आम्हांला चार शतके मागे जावे लागले.

येशूसंघाने 1599 साली आपल्या शाळांसाठी अभ्यासक्रमाचा एक आराखडा सिद्ध केला. ‘रातिओ स्तुदिओरुम’ हे त्याचे नाव. प्रथम लॅटिन व्याकरण, नंतर काव्य, नंतर वक्तृत्व, आणि ही पायरी चढलेल्यांसाठी तत्त्वज्ञान व ईशज्ञान, असा त्याचा क्रम होता. वर्ग, इयत्ता, परीक्षा, पारितोषिक या आज आपल्याला स्वयंभू वाटणाऱ्या गोष्टी त्यात बारकाईने नेमून दिल्या होत्या. वसईच्या किल्ल्यातील येशूसंघीयांपाशी संत गोन्सालो गार्सिया शिकले ते हा आराखडा येण्यापूर्वीच. पण शिक्षणाचे वळण तेच होते. जपानात गेल्यावर तेथील भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की नागासाकी येथे 1597 मध्ये हौतात्म्य पत्करीपर्यंत ती त्यांच्या कार्याचे साधन राहिली. लॅटिनच्या शाळेतून निघालेला वसईचा मुलगा लोकभाषेमुळे उपयोगी पडला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हीच गोष्ट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओळखली होती. 1579 साली गोव्यात उतरलेल्या या इंग्रज धर्मगुरूने भाषांची विभागणी मोठ्या विवेकाने केली. मुलांच्या धर्मशिक्षणासाठी गुरुशिष्यसंवादाच्या रूपात त्यांनी प्रश्नोत्तरी रचली ती कोकणीत. ती त्यांच्या निधनानंतर 1622 मध्ये छापली गेली. प्रौढांच्या कानांना पुराणश्रवणाची सवय होती; म्हणून त्यांच्यासाठी ‘क्रिस्तपुराण’ लिहिले ते मराठीत आणि ओवीत. 1616 साली ते प्रसिद्ध झाले आणि मंदिरांतून वाचले जाऊ लागले. देवनागरीचे टंक उपलब्ध नसल्याने ते रोमन लिपीत छापावे लागले. बालकाला बोलीतून, प्रौढाला साहित्याच्या भाषेतून शिकवावे, हा अभ्यासक्रमाचाच विचार नव्हे काय? आपल्या शाळांच्या इतिहासात स्टीफन्स यांची गणना कवी म्हणून होते. त्यांना शिक्षणतज्ज्ञ म्हणून कोणी वाचल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

तो विचार टिकला नाही. 27 जून 1684 रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. फर्मानाने भाषा मेली नाही, परंतु शाळेची भाषा आणि घराची भाषा वेगळी असणे हेच प्रतिष्ठेचे, ही समजूत मात्र आपल्यात खोल रुजली.

पुढे राज्य बदलले, त्याबरोबर शाळेची भाषाही बदलली. 1 मे 1854 रोजी आगगाडी कल्याणला पोहोचली आणि त्याच वर्षी 19 जुलैला वुड यांचा शिक्षणविषयक खलिता निघाला. खाजगी शाळांना सरकारी अनुदान मिळेल, मात्र ते ऐहिक विषयांच्या शिक्षणाचा दर्जा पाहून. धर्मशिक्षणाकडे निरीक्षक लक्ष देणार नाहीत, असे त्याचे धोरण होते. आपल्या शाळांत कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला आणि इतर मुले नीतिशिक्षणाला बसतात, या प्रघाताची मुळे त्या धोरणापर्यंत जातात. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, 1859 मध्ये पहिली मॅट्रिक झाली, आणि त्यानंतर अभ्यासक्रम शाळेने ठरवायचा राहिलाच नाही. तो परीक्षेने ठरवला. मुंबईच्या कॅथलिक शाळांतून प्राचीन भाषा म्हणून लॅटिन घेता येत असे, एवढाच जुन्या परंपरेचा धागा उरला.

येथे इंग्रजीला दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. रेल्वे, तारखाते, जकात व सरकारी कचेऱ्या यांतील नोकऱ्या इंग्रजीने मिळत. साष्टी-ठाण्याच्या आपल्या बांधवांनी 1887 साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, त्यामागेही नोकऱ्यांची ही स्पर्धा होतीच. ज्या बापाने शेत गहाण ठेवून मुलाला इंग्रजी शाळेत घातले, त्याने मराठीशी द्रोह केला असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही.

दुसरा मार्गही होता. अहमदनगर जिल्ह्यात येशूसंघीयांनी खेड्यांतून मराठी शाळा चालविल्या. केंदळहून फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 मध्ये ‘निरोप्या’ सुरू केला. वसईत धर्मग्रामांच्या शाळा मराठीच राहिल्या. नंदाखालच्या अशाच मराठी शाळेत शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे आपण सर्वांनी पाहिले.

स्वातंत्र्यानंतर एकदा सरकारनेच हा प्रश्न बळाने सोडवू पाहिला. 6 जानेवारी 1954 च्या आदेशाने मुंबई सरकारने इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन व अ-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज इतरांना प्रवेश देण्यास मनाई केली. देवळालीच्या बार्न्स हायस्कुलाची चालक संस्था न्यायालयात गेली. ही शाळा कॅथलिक नव्हे, पण अर्जदारांत एक भारतीय ख्रिस्ती पिताही होता आणि आपल्या घरची भाषा इंग्रजी आहे, असे त्याचे म्हणणे होते. 26 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश घटनाबाह्य ठरविला. निवड पालकांची, हे त्यातून निश्चित झाले. आणि पालकांनी निवड केली.

विठ्ठलवाडीच्या परिसरात तर ती अटळच होती. महायुद्धकाळातील कल्याण कॅम्पमध्ये 1947 नंतर सिंधी निर्वासित आले, 1949 मध्ये उल्हासनगरची पायाभरणी झाली, कारखाने आले, केरळ व तामिळनाडूतून कामगार आले. एका वर्गात पाच मातृभाषा असतील, तर सर्वांना सारखीच परकी असलेली इंग्रजीच सोयीची ठरते. अशा वर्गात मराठी कुटुंबाच्या मुलालाही आपली भाषा परक्यासारखी शिकावी लागते. राज्य मंडळाच्या शाळांत मराठी पूर्वीपासून होती; 2020 च्या कायद्याने ती इतर मंडळांच्या शाळांतही सक्तीची झाली. परंतु कायदा तासिका देऊ शकतो; ‘कुमारभारती’ की ‘अक्षरभारती’, हे तो ठरवीत नाही. मराठी मुलांसाठी स्वतंत्र तुकडी पाडून उच्चस्तर मराठी शिकविता येईल काय, असे आम्ही एका शाळेत विचारले. मागणी करणारे पालक किती, असा उलट प्रश्न आला. त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

येत्या रविवारच्या मराठी मिस्सेत पहिले वाचन नववीतील एका मुलीकडे आहे. घरी ती उत्तम मराठी बोलते. सराव ऐकायला आम्ही गेलो, तेव्हा तिने वहीचे पान पुढे केले. यशयाच्या ग्रंथातील तो उतारा तिने रोमन लिपीत उतरवून घेतला होता.